घरच्या डिशवर रेडिओ: पुण्यातल्या श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

खाली दिलेले कोन आणि वेळा पुणे शहरासाठी आहेत (अक्षांश १८.५२ उत्तर, रेखांश ७३.८५ पूर्व). पिंपरी-चिंचवड, वाघोली किंवा खडकवासल्याला राहत असाल तर फार तर दशांशात फरक पडेल, हेच आकडे धरून चालेल.

पुण्यात उपग्रहावरून रेडिओ ऐकायचा म्हणजे आज नेमकं काय करायचं?

डीडी फ्री डिश लावायची. ही सेवा १६ डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही. टीव्हीच्या वाहिन्यांसोबत आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक रेडिओ वाहिन्या तिच्यावर येतात. त्यात विविध भारती आहे, मराठीसह अनेक भाषांच्या वाहिन्या आहेत आणि २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेली, अखंड शास्त्रीय संगीत देणारी 'रागम्' आहे. हे सगळं ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून केयू बँडमध्ये (अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर) उतरतं.

पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आणि विविध भारती एफएमवर १०१ मेगाहर्ट्झला मिळतेच. ती तिथे स्वच्छ लागत असतील तर फक्त त्यासाठी डिश लावू नका. डिश हवी ती बाहेरगावच्या भाषा, रागम् आणि खरखरीशिवाय रात्रभर चालणारी वाहिनी यांसाठी.

माळ्यावर वर्ल्डस्पेसचा जुना सेट आहे. चांगला अँटेना लावला तर चालेल का?

नाही. भारतातली ती उपग्रह-रेडिओ सेवा ३१ डिसेंबर २००९ ला बंद पडली. आशियास्टार उपग्रहावरून १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येणारं ते प्रसारणच उरलं नाही, तेव्हा अँटेना कितीही चांगला असला तरी त्याला पकडायला काही नाही. त्यातली शास्त्रीय संगीताची 'गांधर्व' वाहिनी आठवून हळहळणारे पुण्यात बरेच आहेत. त्यांनी रागम् ऐकून पाहावी. त्या सेटचा चपटा अँटेना फ्री डिशलाही चालत नाही, कारण तो दीड गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरींसाठी आहे आणि इथल्या लहरी अकरा गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. सेटला बाहेरून आवाज घेण्याची सोय असेल तर त्याचे स्पीकर मात्र वापरता येतील.

मुलाने अमेरिकेतून सिरियस एक्सएमचा सेट आणला आहे.

त्याचे उपग्रह उत्तर अमेरिकेवर रोखलेले आहेत आणि पुण्यातून ते क्षितिजाच्या खाली असतात. सेट परत पाठवा.

पुण्यात डिशचं तोंड कुठे हवं?

उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३१.६ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे झुकलेलं. शहराच्या मध्यभागातून सासवड आणि दिवे घाट साधारण याच रेषेत येतात, म्हणून अंदाजाला ती खूण पुरते. क्षितिजापासूनची उंची ५८.७ अंश.

पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे, तो सोडून द्या. होकायंत्र चुकतं ते गच्चीवरच्या लोखंडामुळे: टाकीचा सांगाडा, कठड्यातल्या सळया, खुद्द डिशचा खांब. मोबाइलच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असेल तर तेही काढा. खांबापासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून रेषा बघा, त्या रेषेत लांबची एखादी खूण हेरा आणि मग डिशचं तोंड त्या खुणेकडे करा.

उंचीच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. घरगुती डिश 'ऑफसेट' असते, तिचा एलएनबी (दांड्यावरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा डबा) मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा सुमारे २२ ते २५ अंश वर बघत असते. ५८.७ अंशांसाठी डिशची पाठ उभ्या रेषेपासून फक्त ३४ ते ३७ अंश मागे कललेली हवी. आकाशाकडे नीट बघतेय असं वाटेपर्यंत डिश मागे पाडली, तर ती उपग्रहाच्या वरून बघू लागते.

शेजारच्या डिशकडे बघून आपली लावली तर?

शेजाऱ्यांकडे कोणती कंपनी आहे त्यावर अवलंबून आहे. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेकडून येतं, त्याची डिश पुण्यात आपल्यापेक्षा सुमारे २१ अंश दक्षिणेकडे वळलेली असते. एअरटेल १०८.२ अंशांवरून, म्हणजे सुमारे १७ अंश पूर्वेकडे. सन डायरेक्ट मात्र ९३.५ वरूनच येतं, तेव्हा त्यांची डिश बिनधास्त नक्कल करा.

आणखी एक फसवा शेजारी आकाशात आहे. ९५ अंश पूर्वेला एसईएस-८ आहे, आपल्या उपग्रहापासून दीडच अंशावर. डिश हलवताना आधी तोच सापडतो, स्वस्तातला सॅट फाइंडर (सिग्नल आला की वाजणारं छोटं यंत्र) आनंदाने शिट्टी मारतो आणि सेट-टॉप बॉक्स मात्र शून्य क्वालिटी दाखवतो. शिट्टी म्हणजे एवढंच, की तिकडे कोणतातरी उपग्रह आहे.

समोर इमारत आहे, वर स्लॅब आहे. सिग्नल मिळेल का?

यासाठी मोजपट्टी पुरते. आग्नेयेकडच्या अडथळ्याची उंची डिशपासून वरच्या बाजूला मोजा आणि तिला ०.६१ ने गुणा. अडथळा तेवढ्या मीटरहून लांब असला की वाट मोकळी. डिशहून १० मीटर उंच इमारत ६ मीटर १० सेंटिमीटरच्या पलीकडे असली तर तिचा त्रास नाही. आपला उपग्रह बराच वर आहे, त्यामुळे पुनर्विकासात समोर उठलेल्या बारा मजल्यांना लोक उगाच घाबरतात.

बाल्कनीत मात्र हाच आकडा उलटतो. वरच्या मजल्याचा सज्जा डिशपासून २ मीटर वर असेल, तर डिश त्या सज्ज्याच्या कडेपासून निदान १.२ मीटर बाहेर हवी, तीही बाल्कनी थेट आग्नेयेला असेल तर. ग्रिलच्या बाहेर सव्वा मीटरचा दांडा काढून त्यावर डिश लटकवणं धोक्याचं आहे आणि वाऱ्याने ती हलत राहते. केबल ३० मीटर लांब झाली तरी चालेल, डिश गच्चीवरच लावा.

झाडांची गोष्ट वेगळी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलमोहर उघडाबोडका असतो तेव्हा लावलेली डिश छान चालते, मग जूनमध्ये त्याच फांद्या पालवून ओल्या होतात आणि दोष बॉक्सवर येतो. ओली पालवी या लहरींना भिंतीसारखीच असते.

वाट मोकळी आहे की नाही हे तपासायचा एक फुकटचा उपाय वर्षातून दोनदा मिळतो. १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान सूर्य पुण्यातून पाहिल्यावर बरोबर या उपग्रहाच्या जागी येतो. त्या वेळी गच्चीवर जाऊन डिशवर सावली पडते का ते बघा. एलएनबी आणि त्याच्या दांड्याची सोडून दुसरी कसलीही सावली पडली, तर तोच तुमचा अडथळा. याच दिवसांत या वेळेला काही मिनिटं आवाज तुटतो, कारण सूर्याचा गोंगाट सिग्नल झाकून टाकतो. तीन-चार दिवसांत ते आपोआप थांबतं. तेवढ्यासाठी माणूस बोलावू नका.

डिश स्वतः लावायची तर क्रम काय?

लागतं ते असं: ६० किंवा ७५ सेंटिमीटरची ऑफसेट डिश, खांब किंवा भिंतीचा ब्रॅकेट, केयू बँडचा युनिव्हर्सल एलएनबी, आरजी-६ केबल, चार एफ-कनेक्टर (दोन लागतात, दोन खराब होतात), १०, ११ आणि १३ नंबरचे पाने, पाणसळ, मार्कर. बॉक्स आणि एखादा लहान टीव्ही गच्चीवर नेता आला तर उत्तम. खालून कुणीतरी 'आलं... गेलं... अहो आलं होतं!' असं ओरडत राहायचं ही पद्धत पुण्यात परंपरेने चालत आलेली असली, तरी त्यापेक्षा टीव्हीसमोर मोबाइल ठेवून व्हिडिओ कॉल करणं बरं.

आधी खांब ओळंब्यात आणा. दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, पाणसळ लावून बघा. खांब तिरपा असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलते आणि मग दिवसभर शोधलं तरी उपग्रह सापडत नाही. अर्ध्याहून अधिक फसलेल्या प्रयत्नांचं मूळ इथे असतं.

मग बॉक्समध्ये एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल (९७५०/१०६००) ठेवा, डायसेक (एकाहून जास्त एलएनबी जोडायची सोय) बंद करा आणि ११०९० व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० हा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरून एकत्र येणारा वाहिन्यांचा एक गठ्ठा) निवडून सिग्नलची पट्टी उघडा. डिशची उंची वर सांगितल्याप्रमाणे ठेवून मागचे नट इतपत आवळा, की जोर लावला तर डिश फिरेल पण आपोआप घसरणार नाही. आता आग्नेयेच्या थोडं पूर्वेकडून सुरुवात करून एकेक अंश दक्षिणेकडे सरका. प्रत्येक टप्प्यावर तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. सरसर फिरवलेली डिश उपग्रहावरून जाते आणि पट्टीला पत्ताही लागत नाही. ५० मिलिमीटर जाडीच्या खांबावर एक अंश म्हणजे अर्धा मिलिमीटरदेखील नाही, यावरून हात किती हलका हवा ते कळेल. एक फेरी रिकामी गेली तर उंची दोन अंश बदलून पुन्हा.

क्वालिटी दिसली की तिथेच थांबायचं नसतं. डिश हळूहळू डावीकडे न्या, क्वालिटी ठरावीक आकड्यापर्यंत, समजा ४० पर्यंत, पडली की खांबावर मार्करने खूण करा. मग उजवीकडे नेऊन ती पुन्हा ४० वर आली की दुसरी खूण. डिश दोन्ही खुणांच्या मधोमध ठेवा. उंचीलाही हेच करा. शिखर डोळ्याने शोधण्यापेक्षा दोन्ही उतार मोजून मध्य काढणं अचूक पडतं, कारण शिखरावर पट्टी जवळपास सपाट असते.

नट आवळताना पट्टीवर नजर ठेवा. एकच नट शेवटपर्यंत आवळला तर डिश अर्धा अंश ओढली जाते, म्हणून आळीपाळीने, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने.

एलएनबी वाकडा लावायचा असं म्हणतात. किती?

पुण्यात गणिताने जवळपास ४५ अंश, म्हणजे कुणालाही खोटं वाटेल इतका. डिशच्या समोर, तिच्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. तिथून दोन्हीकडे पाच-पाच अंश फिरवून क्वालिटी जिथे सर्वांत जास्त येते तिथे स्क्रू आवळा. हा कोन चुकला तर आडव्या ध्रुवणाचा (आडव्या कंपनाच्या लहरींचा) सिग्नल उभ्यात मिसळतो आणि स्ट्रेंथ भरपूर असूनही क्वालिटी अर्ध्यावर अडकते. एलएनबी त्याच्या पकडीत पुढे-मागेही चार-पाच मिलिमीटर सरकवून बघावा, कधी कधी त्यातूनही थोडं मिळतं.

स्ट्रेंथ ९० आहे, तरी आवाज तुटतो. असं का?

स्ट्रेंथकडे बघूच नका. केबलमधून बॉक्सपर्यंत एकूण किती ऊर्जा पोचते एवढंच ती सांगते आणि त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही आला. डिश भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी काही बॉक्स स्ट्रेंथ ८० दाखवतात. क्वालिटी सांगते ती सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे ते.

जुन्या रेडिओत सिग्नल कमी झाला की खरखर वाढायची, गाणं तरी ऐकू यायचं. इथे तसं नाही. ठरावीक पातळीच्या वर आवाज अगदी स्वच्छ, ती पातळी आली की किलबिल-टिकटिक, आणि त्याच्या जरा खाली शांतता. त्यामुळे कोरड्या दिवशी स्वच्छ ऐकू येतंय यावरून काहीच कळत नाही. बॉक्सवर क्वालिटीचा कोणता आकडा आला की आवाज तुटतो, तो एकदा शोधून कागदावर लिहून ठेवा. रोजचा आकडा त्याच्या किती वर आहे ते म्हणजे तुमची शिल्लक. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं ही शिल्लक वाढवण्याची किंवा ती कुठे गळते ते शोधण्याची आहेत. एका कंपनीच्या बॉक्सवरच्या टक्क्यांची दुसऱ्या कंपनीच्या टक्क्यांशी तुलना करू नका, प्रत्येकाचं माप वेगळं आहे.

रेडिओ टीव्हीच्याच प्रवाहात बसून येतो, म्हणून चित्र गेलं की रेडिओही जातो. अगदी काठावर असताना चित्राचे चौकोन पडतात आणि रेडिओ अधूनमधून नुसता चिवचिवतो, इतकीच त्याला सवलत.

केबल आणि कनेक्टरमध्ये काय बघायचं?

गळती शोधायला इथूनच सुरुवात करा. बॉक्स बदलणारे दहा, तर कनेक्टर उघडून बघणारा एक असं प्रमाण दिसतं, आणि दोष बहुधा कनेक्टरमध्येच सापडतो.

चांगल्या आरजी-६ केबलमध्ये २० मीटरला साधारण ५ डेसिबल (सिग्नलच्या घट-वाढीचं माप) जातात. एलएनबी आधी सिग्नल वाढवून देतो, तेव्हा एवढं परवडतं. जुन्या केबलवाल्याची सोडून दिलेली बारीक वायर मात्र वापरू नका. केबल घेताना गाभ्याची तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरट दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार. २० मीटरपर्यंत ती चालते. ४० मीटरला एलएनबीकडे जाणारा विद्युतदाब तिच्यात इतका पडू शकतो, की १३ व्होल्टच्या जागी एलएनबीला कमी मिळतात आणि तो रात्री चालतो, दुपारी रुसतो.

कनेक्टर असा करा. बाहेरचं वेष्टन १५ मिलिमीटर सोला, जाळी मागे दुमडा, आतला पांढरा फोम ८ मिलिमीटर ठेवून बाकीचा काढा. जाळीचा एकही केस गाभ्याला टेकता कामा नये, टेकला की शॉर्ट. गाभ्याचं टोक नटच्या कडेपासून २ ते ३ मिलिमीटर बाहेर हवं. कमी पडलं तर संपर्क तुटक होतो, जास्त झालं तर बॉक्सच्या आतली पकड वाकते. फिरवून बसवायचे कनेक्टर घरात ठीक आहेत. गच्चीवर दाबून बसवायचे कम्प्रेशन कनेक्टर लावा.

एलएनबीच्या खाली केबलला पाण्यासाठी वळसा द्या: केबल आधी खाली उतरून मग वर कनेक्टरकडे जावी, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळतो. घराच्या भिंतीतून आत शिरतानाही तसंच. काळी इन्सुलेशन टेप पुण्याच्या एप्रिलमध्ये चिकट होऊन सुटते, म्हणून आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर हवी तर काळी लावा. पाणी एकदा जाळीत शिरलं की केशाकर्षणाने मीटरच्या मीटर आत जातं. तेव्हा हिरवट पडलेला भाग कापून काही उपयोग नाही, चमकदार जाळी लागेपर्यंत कापत जायचं. नाहीच लागली तर केबल बदलायची.

पावसाळ्यात रेडिओ जातोच. इलाज आहे का?

'जातोच' म्हणणाऱ्यांची शिल्लक मुळात कमी असते. जुलै-ऑगस्टची झिमझिम तासाला पाचेक मिलिमीटर असते, तिने अर्धा-पाऊण डेसिबल जातो. तेवढ्याने आवाज तुटत असेल तर डिश चुकली आहे, पावसाला बोल लावू नका. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने कोसळणारा मेमधला वळीव किंवा परतीचा पाऊस सहा-सात डेसिबल खातो. तेव्हा ६० सेंटिमीटरची डिश दहा-वीस मिनिटं गप्प झाली तर ते रास्त आहे.

कोणता पाऊस अडवतो हेही लक्षात घ्या. लहरी ५८.७ अंशांनी उतरतात, म्हणून डिशच्या आग्नेयेला साधारण तीन किलोमीटरच्या पट्ट्यातला पाऊसच वाटेत येतो. कोथरूडच्या डिशला सिंहगड रस्त्याच्या बाजूचं ढग नडतं, शिवाजीनगरला कितीही ओतत असलं तरी फरक पडत नाही. आपल्याकडे कोरडं असूनही आवाज तुटला आणि पाच मिनिटांनी पाऊस आला, असं होतं ते याच कारणाने.

डिशपेक्षा एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी बघा. उन्हाने तिला तडा गेला की आत पाणी साचतं आणि पाऊस थांबल्यावरही दोन-दोन तास सिग्नल येत नाही. तडा गेला असेल तर एलएनबीच बदला. डिशवर प्लास्टिकची पिशवी बांधू नका, तिच्यावर साचलेल्या पाण्याचा थर पावसापेक्षा जास्त अडवतो.

ठरावीक वेळेलाच आवाज जातो. बिघाड कुठे असेल?

वेळ सांगितली की निम्मं निदान झालं.

पहाटे जातो, ऊन पडलं की येतो: हे डिसेंबर-जानेवारीत होतं. दव कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीच्या टोपीत शिरतंय.

दुपारी बारा ते चार जातो, संध्याकाळी येतो: एलएनबी तापल्यावर आतला एखादा सांधा सुटतोय, किंवा लांब पोलादी केबलवर दाब पडतोय. दुपारी एलएनबीवर ओला रुमाल ठेवा. पाच मिनिटांत आवाज आला तर एलएनबी बदला. नाही आला तर तोच एलएनबी दोन मीटरच्या केबलने गच्चीवरच बॉक्सला जोडून बघा, चालला तर दोष केबलचा.

वारा सुटला की तुटक होतो: नट ढिले किंवा खांब हलतोय. डिशच्या कडेला दोन बोटांनी ढकला. ती जागची हलली आणि तशीच राहिली तर नट ढिले, परत आली तर खांब बारीक.

संध्याकाळी, घरातले दिवे लागल्यावर: बॉक्सच्या अडॅप्टरवर संशय घ्या. जुना अडॅप्टर भार वाढला की कमी व्होल्ट देतो आणि एलएनबीला उपाशी ठेवतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघा.

वेळ ठरलेली नाही, फक्त कबुतरं बसतात तेव्हा: हसू नका, एलएनबीच्या दांड्यावर बसलेलं कबुतर सिग्नल नक्की अडवतं. दांड्यावर प्लास्टिकच्या केबल-टायची टोकं उभी ठेवून बांधली की ती बसत नाहीत.

मोठी डिश, महागडा एलएनबी, बूस्टर: पैसे कशावर घालावेत?

डिशवर. ६० वरून ७५ सेंटिमीटरला गेलात तर जवळपास १.९ डेसिबल मिळतात, ९० ला गेलात तर ३.५. पण मोठ्या डिशची नजर अरुंद असते. ६० सेंटिमीटरची डिश एक अंश चुकली तर सव्वा डेसिबल जातो, ९० ची तितकीच चुकली तर पावणेतीन, म्हणजे मोठ्या डिशचा फायदा जवळपास निम्म्यावर येतो. आधी आहे ती डिश नीट रोखा. ७५ ही पुण्यासाठी समंजस निवड आहे.

एलएनबीच्या खोक्यावर छापलेला ०.१ डेसिबल हा आकडा फार मनावर घेऊ नका, त्याची टोपी आणि कनेक्टर बंदिस्त आहेत का ते बघा. बूस्टर सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो, त्याने क्वालिटी वाढत नाही. चाळीस मीटरहून लांब केबल असेल तेव्हाच त्याचा उपयोग, आणि तो एलएनबीच्या जवळ लावायचा असतो. बॉक्सपाशी लावलेला बूस्टर फक्त स्ट्रेंथची पट्टी सजवतो.

दोन खोल्यांत दोन बॉक्स हवेत.

ट्विन एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र केबली ओढा. स्प्लिटरमध्ये साडेतीन-चार डेसिबल जातात आणि साधा टीव्हीचा स्प्लिटर एलएनबीला वीजच पोचू देत नाही.

मोबाइलच्या टॉवरने किंवा ५जीने त्रास होतो का?

डिशच्या तोंडाशी नाही. ५जीचा ३.३ गिगाहर्ट्झचा पट्टा जुन्या आठ फुटी सी बँड डिशना नडतो, केयू बँड त्याच्या खूप वर आहे. त्रास होतो तो केबलमध्ये. एलएनबी अकरा गिगाहर्ट्झचा सिग्नल खाली उतरवून पाठवतो: ११०९० चा ट्रान्सपाँडर केबलमध्ये १३४० मेगाहर्ट्झ असतो, ११४७० चा १७२०. हा दुसरा आकडा मोबाइल फोन ज्या पट्ट्यात बोलतात (१७१० ते १७८५) त्यातच पडतो. कनेक्टर ढिला असेल आणि बॉक्सवर फोन ठेवलेला असेल तर तेवढ्याच वाहिन्या तुटतात, बाकीच्या ठीक चालतात. नट ११ नंबरच्या पान्याने हलकेच आवळा आणि फोन दुसरीकडे ठेवा.

टीव्ही न लावता रेडिओ ऐकता येईल?

येईल, आणि तसाच ऐकावा. बॉक्सच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना अँप्लिफायरच्या किंवा स्पीकरच्या ऑक्स इनपुटला जोडा. रिमोटवरच्या टीव्ही/रेडिओ बटणाने रेडिओची यादी उघडते. आवडत्या पाच-सहा वाहिन्यांचे क्रमांक कागदावर लिहून बॉक्सला चिकटवा, म्हणजे पडद्याशिवाय थेट क्रमांक दाबता येतो. सेटिंगमध्ये चालू होताना शेवटची वाहिनी लावण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. वीज जाऊन आली की बॉक्स आपोआप त्याच वाहिनीवर येईल.

घुर्रर्र आवाज येत असेल तर अँप्लिफायर आणि बॉक्स एकाच स्विचबोर्डवरून चालवा. बहुतेक वेळा तो तिथेच थांबतो.

बातम्यांच्या आधीच्या ठोक्यांवर मात्र घड्याळ लावू नका. वर जाऊन खाली यायला सिग्नलला सुमारे ७३ हजार किलोमीटर कापावे लागतात, त्यात पाव सेकंद जातो आणि आवाज आकसणं-उलगडणं यात त्याहून जास्त. शेजारी ७९२ वर लावलेला ट्रान्झिस्टर आधी बोलतो तो यामुळे.

काल होत्या त्या वाहिन्या आज नाहीत. क्वालिटी तर तीच आहे.

मग डिशला हात लावू नका. वाहिन्यांच्या जागा बदलतात, विशेषतः एप्रिलच्या सुमारास. फॅक्टरी रिसेट न करता आधी नुसतं ऑटो स्कॅन करा, 'फक्त मोफत वाहिन्या' हा पर्याय ठेवून. रिसेट केलं तर एलएनबीच्या सेटिंगही जातात आणि नसलेला बिघाड तयार होतो. दोन-तीनच ट्रान्सपाँडरच्या वाहिन्या गायब असतील आणि बाकीच्या असतील, तर मात्र त्या ट्रान्सपाँडरची क्वालिटी वेगळी बघा, गळती कदाचित तिथेच आहे.

सोसायटी गच्चीला भोक पाडू देत नाही. आणि विजेचं काय?

सोसायटीचं बरोबर आहे. गच्चीच्या स्लॅबला पाडलेलं भोक म्हणजे पुढच्या पावसाळ्यात खालच्या घराचं गळकं छत. कठड्याच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर खाली, ८ किंवा १० मिलिमीटरच्या अँकर बोल्टने ब्रॅकेट लावा. तेही नको असेल तर चौकोनी लोखंडी पाटावर खांब उभा करून त्यावर सिमेंटचे ठोकळे ठेवा. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० सेंटिमीटरच्या डिशवर साधारण १७ किलोचा आडवा रेटा येतो, ९० सेंटिमीटरच्या डिशवर ३८ किलोचा. खांब आखूड ठेवा आणि ६० च्या डिशला निदान ६० किलो वजन ठेवा. पाटाखाली रबराची चटई घाला म्हणजे वॉटरप्रूफिंग सोलत नाही. कठड्याच्या बाहेर वाकून काम करू नका, पाऊस पडत असताना तर गच्चीवर जाऊच नका.

खांब तांब्याच्या जाड तारेने इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्या, हे काम परवानाधारक वायरमनकडून. नळाच्या पाइपला तार बांधणं म्हणजे अर्थिंग नव्हे, आजकाल बहुतेक पाइप प्लास्टिकचे असतात. अर्थिंग असलं तरी वळवाच्या विजा कडाडू लागल्या की बॉक्सचा प्लग आणि मागची केबल, दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून केबल तशीच ठेवली तर विजेला वरून आत यायची वाट मोकळीच असते.